टाके, घोडा आणि रणगाडा

'रणगाडा' हा मराठीतला एक नशीबवान शब्द आहे. परक्या वस्तूंबरोबर आलेले शब्द आपण बहुतेक वेळा जसेच्या तसे ठेवून घेतले. बंदूक, काडतूस, मोटार, बॉम्ब ही नावे आता आपल्याला परकी वाटतही नाहीत. हिंदीने 'टँक'ही तसाच ठेवला. मराठीने मात्र रण आणि गाडा हे दोन जुने शब्द जोडले आणि चाळीस-पन्नास टनांचे ते धूड आपल्या बैलगाडीच्या, मालगाड्याच्या, गुऱ्हाळाकडे जाणाऱ्या उसाच्या गाड्याच्या नात्यात आणून बसवले.

गंमत अशी, की आपण जो 'टँक' नाकारला तो शब्द बहुधा आपल्याच मुलखातून इंग्रजीत गेलेला आहे. 'टँक' म्हणजे पाणी साठवण्याची जागा. त्याच्या व्युत्पत्तीबद्दल दोन मते आहेत. एका मताप्रमाणे तो पोर्तुगीज 'तांके' या शब्दावरून आला. दुसऱ्या मताप्रमाणे त्याचे मूळ पश्चिम भारतात आहे, गुजरातीतल्या 'टांकू'मध्ये आणि मराठीतल्या 'टाके'मध्ये. १८८६ साली निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दकोशाने या दोन्ही मतांची चर्चा केली आहे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशातही 'टाकें' आहे. पोर्तुगीज आणि भारतीय शब्द या किनाऱ्यावर एकमेकांत मिसळले असावेत, असाही एक समजूतदार तोडगा अभ्यासकांनी काढलेला आहे. काही असो, सह्याद्रीतल्या गडांवर हिंडलेल्या माणसाला टाके म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. कातळात खोदलेला चौकोन, त्यात पावसाचे साठलेले पाणी. गड बांधण्याआधी पाण्याची सोय पाहावी, हे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात बजावून सांगितले आहे. टाके नसेल तर गड लढत नाही.

मी मानखुर्दला राहतो. इथे टाकी म्हणजे गच्चीवरची काळी किंवा दारातली निळी, आणि टँकर म्हणजे पाण्याचा. त्यामुळे 'टँक' या शब्दाचा पाण्याकडून युद्धाकडे झालेला प्रवास मला पहिल्यांदा कळला तेव्हा तो नुसता भाषाशास्त्राचा चुटका वाटला नाही. माझे नोकरीचे आयुष्य जड यंत्रांच्या देखभालीत गेले. निवृत्तीनंतर मी रणगाड्याच्या आरंभीच्या इतिहासाकडे वळलो, तो यंत्राच्या ओढीने. पण वाचता वाचता प्रश्न बदलत गेला. हे यंत्र कोणी शोधले, याची उत्तरे पुष्कळ पुस्तकांत आहेत. त्यावर बसायचे कोणी, त्याचे मोल कोणी भरायचे, आणि ज्या दख्खनची ओळख घोड्याने झाली त्या दख्खनचे या यंत्राशी नाते काय, या प्रश्नांची उत्तरे मात्र तुकड्यातुकड्यांनी गोळा करावी लागतात. हा लेख म्हणजे ते तुकडे जुळवण्याचा प्रयत्न आहे.

१. पाण्याचे नाव

१९१४च्या अखेरीस फ्रान्स-बेल्जियममधली आघाडी खंदकांत रुतली. काटेरी तारा, मशीनगन आणि चिखल या तिघांपुढे पायदळ हतबल झाले आणि घोडदळ तर मागेच उभे राहिले. तारा तुडवत, खंदक ओलांडत, गोळ्या अंगावर झेलत जाईल असे काहीतरी हवे होते. अर्नेस्ट स्विंटन या ब्रिटिश अधिकाऱ्याने तोफा ओढणारे अमेरिकन 'होल्ट' ट्रॅक्टर पाहिले होते. चाकांऐवजी पट्ट्यांवर चालणारे. त्याने कल्पना मांडली, पण ती सैन्याने नव्हे तर आरमाराने उचलून धरली. आरमाराचा मंत्री होता विन्स्टन चर्चिल. फेब्रुवारी १९१५मध्ये त्याने जी समिती नेमली तिचे नावच 'लँडशिप्स कमिटी', म्हणजे जमिनीवरच्या जहाजांची समिती.

काम मिळाले लिंकन गावातल्या फॉस्टर कंपनीला. ही कंपनी मळणी यंत्रे आणि शेतीची अवजारे बनवणारी. तिथे विल्यम ट्रिटन आणि वॉल्टर विल्सन यांनी १९१५च्या सप्टेंबरात पहिला नमुना उभा केला. त्याचे अंग चिलखती पोलादाचे नव्हते, बॉयलरच्या पत्र्याचे होते. दुसरा नमुना जानेवारी-फेब्रुवारी १९१६मध्ये हॅटफील्डच्या बागेत चालवून दाखवण्यात आला. किचनेरला तो फारसा पटला नाही. तरीही शंभर यंत्रांची मागणी नोंदवली गेली.

आता प्रश्न होता गुप्ततेचा. एवढ्या मोठ्या पोलादी पेट्या कारखान्यातून बाहेर पडताना लोक विचारणारच. तेव्हा कामगारांना सांगण्यात आले, की ही मेसोपोटेमियाच्या आघाडीसाठी पाणी वाहून नेणारी वाहने आहेत. 'जमिनीवरचे जहाज' हे नाव तर सगळेच गुपित फोडणारे. म्हणून डिसेंबर १९१५मध्ये पर्यायी नावाचा शोध सुरू झाला. हौद, कुंड, जलाशय अशा अर्थांच्या इंग्रजी शब्दांचा विचार झाला आणि सुटसुटीत म्हणून 'टँक' ठरले. पुढे काही यंत्रांवर रशियन अक्षरांत 'पेट्रोग्राडला, जपून' असेही रंगवण्यात आले. ही थाप इतकी उत्तम वठली, की नाव कायमचे चिकटले.

पण मेसोपोटेमियाच का? युरोपीय इतिहासकार या तपशिलावरून हसत पुढे जातात. मराठी वाचकाला इथे थांबावे लागते. त्या डिसेंबरात मेसोपोटेमियात, तैग्रिस नदीच्या वळणावर कुत अल-अमारा या गावात, भारतीय सैन्याची एक अख्खी डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यात सापडली होती. तिचे नाव सहावी पूना डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. कोकण, सातारा, कोल्हापूरकडची माणसे. वेढा ७ डिसेंबर १९१५ला पडला आणि २९ एप्रिल १९१६ला शरणागतीने संपला. माणसांनी घोडे आणि खेचरे मारून खाल्ली. अनेक हिंदी शिपायांनी धर्मामुळे बराच काळ तेही खाल्ले नाही आणि ते उपासमारीने खंगले. कैदेत गेलेल्यांपैकी हजारो परतले नाहीत.

म्हणजे लिंकनच्या कामगाराला थाप खरी वाटली, कारण मेसोपोटेमियात उन्हातान्हात माणसे लढत आहेत हे तो रोज वर्तमानपत्रात वाचत होता. त्या माणसांत आपली माणसे होती. त्यांच्या नावाने जो पोलादी हौद तयार झाला तो त्यांच्यापर्यंत कधीच जाणार नव्हता. तो फ्रान्सला निघाला होता.

२. चिखल आणि पट्टा

रणगाड्याचे मर्म तोफेत नाही, चिलखतातही नाही. ते पट्ट्यात आहे. यंत्राचे काम केलेल्या माणसाला हे पटकन कळते. पण ज्याला पटत नसेल त्याने पावसाळ्यात मानखुर्द-देवनारकडे यावे. हा सगळा भाग खाडीच्या खाजणाचा. भरावाच्या जमिनीवर ट्रक चाकाच्या आसापर्यंत रुततो आणि त्याच्या शेजारून त्याच्या दुप्पट वजनाचा पोकलेन सावकाश, डुलत निघून जातो. ट्रकचा सगळा भार चाकांच्या तळहाताएवढ्या जागांवर पडतो; पोकलेनचा भार दोन लांब पट्ट्यांवर पसरतो. पोकलेन आपला रस्ता स्वतःच अंथरतो आणि स्वतःच गुंडाळून घेतो. १९१५ साली ट्रिटनने जी अडचण सोडवली ती हीच: पट्टा खंदकावर लोंबकळताना सुटून पडू नये, आणि चिखलात गाड्याला पेलून धरावा.

पहिला रणगाडा 'मार्क वन' २८ टनांचा होता. इंजिन १०५ अश्वशक्तीचे. वेग सपाट जमिनीवर ताशी जेमतेम सहा किलोमीटर, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाइतका. आत आठ माणसे. इंजिन मधोमध उघडे, त्याला वेगळी खोली नाही. धूर, तेलाची वाफ, पन्नास अंशांकडे जाणारी उष्णता. वळवण्यासाठी एकटा चालक पुरत नसे. दोन्ही पट्ट्यांचे गिअर पाठीमागे बसलेली दोन वेगवेगळी माणसे बदलत आणि आवाजात हाक ऐकू येत नसल्याने चालक पान्याने इंजिनाच्या झाकणावर ठोके देऊन त्यांना इशारा करी. गोळी बाहेरून आदळली की आतल्या बाजूने तापलेल्या पोलादाच्या कपच्या उडत. त्यापासून डोळे वाचवण्यासाठी सैनिकांना चामड्याचे मुखवटे देण्यात आले. त्यांना तोंडापाशी बारीक कड्यांची जाळी होती. म्हणजे चिलखताच्या गाड्यात बसलेल्या माणसाला पुन्हा जुन्या पद्धतीचे चिलखत घालावे लागले.

यंत्रांची देखभाल केलेला माणूस म्हणून एक आकडा मला फार बोलका वाटतो. २० नोव्हेंबर १९१७ला काँब्रे इथे ब्रिटिशांनी पहिल्यांदा रणगाड्यांचा मोठा हल्ला केला. ४७६ यंत्रे, त्यांतली ३७८ प्रत्यक्ष लढणारी. पहिल्याच दिवशी १७९ निकामी झाली. शत्रूच्या माऱ्याने त्यांतली ६५. यंत्र बिघडून ७१. खड्ड्यात, खंदकात रुतून ४३. शत्रूपेक्षा गिअरबॉक्सने आणि चिखलाने जास्त रणगाडे मारले. नवे यंत्र घेऊन युद्धावर जाणे म्हणजे काय, हे या तीन आकड्यांत आहे.

३. हाय वूड

आता घोड्याकडे येऊ. सोमच्या रणांगणावर 'हाय वूड' नावाचे एक लहानसे रान आहे. १४ जुलै १९१६च्या संध्याकाळी त्या रानाच्या बाजूने घोडदळाने चाल केली. हातात भाले, उभ्या पिकातून दौड. ही तुकडी सिकंदराबाद घोडदळ ब्रिगेडची. तिच्यातल्या रेजिमेंटांची नावे: सातवी ड्रॅगून गार्ड्स, विसावी डेक्कन हॉर्स आणि चौतिसावी पूना हॉर्स. पुढे गेलेल्यांत डेक्कन हॉर्सचे सवार होते. काही जर्मन भाल्यांनी मारले गेले, काही पकडले गेले. पण रान हाती आले नाही. रात्रीनंतर घोडदळ मागे घ्यावे लागले.

बरोबर दोन महिन्यांनी, १५ सप्टेंबर १९१६ला, त्याच हाय वूडवर पुन्हा हल्ला झाला. या वेळी पुढे घोडे नव्हते. जगाच्या इतिहासात प्रथमच रणगाडे लढाईत उतरले होते. फ्लेर-कूर्सलेतच्या या हल्ल्यासाठी ४९ रणगाडे नेमले होते; सुरुवातीच्या रेषेपर्यंत तीसहून थोडे अधिक पोहोचले. हाय वूडमध्ये चार धाडण्यात आले. तोफांनी मोडलेल्या झाडांच्या खुंटांत हे यंत्र अडकेल असे रणगाडेवाले सांगत होते. कोणी ऐकले नाही. ते अडकलेच. रान शेवटी पायदळाने आणि तोफखान्याने घेतले.

दख्खनचे नाव लावणारा घोडा आणि जगातला पहिला रणगाडा एकाच रानाच्या काठावर, दोन महिन्यांच्या अंतराने, दोघेही अयशस्वी. इतिहासाची पुस्तके या दोन प्रसंगांना वेगवेगळ्या प्रकरणांत टाकतात, म्हणून ते शेजारी शेजारी दिसत नाहीत.

पुढच्या वर्षी काँब्रेला घोडा आणि रणगाडा यांची गाठ पडली. योजना अशी, की रणगाड्यांनी फळी फोडायची आणि फटीतून घोडदळाने मागच्या मुलखात शिरायचे. पाचवी घोडदळ डिव्हिजन तयार उभी होती. सिकंदराबाद ब्रिगेड तिच्यातच. वाट मास्न्येर गावाच्या कालव्यावरच्या पुलावरून जात होती. पूल आधीच खिळखिळा झाला होता. त्यावरून 'फ्लाइंग फॉक्स' नावाचा एक रणगाडा पार जायला निघाला आणि पूल त्याला घेऊन पाण्यात बसला. कॅनडाच्या घोडदळाची थोडी माणसे दुसऱ्या वाटेने पलीकडे गेली. बाकीचे घोडे अलीकडेच राहिले. ज्याने वाट करून द्यायची त्यानेच ती मोडली. घोडदळाचा काळ संपल्याची घोषणा कोणी केली असेल तर ती त्या पुलाने.

४. शिलेदार आणि बारगीर

डेक्कन हॉर्स, पूना हॉर्स ही नावे वाचून मराठी माणसाची छाती फुगते. ती फुगण्याआधी एक गोष्ट पाहावी. पूना हॉर्सचा जन्म १८१७चा. त्या वर्षीच्या जूनमध्ये कंपनीने दुसऱ्या बाजीरावावर जो पुण्याचा तह लादला, त्याच्यातून पेशव्याच्या खर्चाने उभे राहिलेले हे घोडदळ. पेशवाई त्याच्या पुढच्याच वर्षी गेली; घोडदळ राहिले. डेक्कन हॉर्सचे मूळ निजामाच्या खर्चाने चालणाऱ्या हैदराबाद काँटिंजंटमध्ये. पुढे 'लढवय्या जमातीं'चा सिद्धान्त आला आणि या रेजिमेंटांत राजपूत, जाट, शीख, कायमखानी यांची भरती वाढत गेली. मराठा भरला गेला तो पायदळात. नाव पुण्याचे राहिले, खोगिरावरून पुणे उतरले.

पण एक गोष्ट मात्र मराठी उरली: पद्धत. शिवकालात घोडदळाचे दोन भाग असत. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येणारा तो शिलेदार. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, अशी रचना सभासद बखरीत सांगितली आहे. शिवाजी महाराजांचा भर बारगिरांवर होता आणि शिलेदारांनाही पागेच्या हुकमात ठेवलेले होते. कारण उघड आहे: ज्याचा घोडा त्याचा निर्णय. स्वतःचा घोडा मेला तर शिलेदाराचे पोट गेले, म्हणून तो घोडा जपून लढणार. पेशवाईत शिलेदार वाढले आणि त्याचे परिणामही दिसले.

इंग्रजांनी आपल्या हिंदी घोडदळात हीच पद्धत 'सिल्लादार' या नावाने जवळजवळ शंभर वर्षे चालवली. सवाराने भरती होताना रक्कम भरायची, तिच्यातून घोडा आणि साज. सरकार पगार थोडा जास्त देई आणि बंदूक तेवढी पुरवी. सैन्य स्वस्तात पडे. पहिल्या महायुद्धाने ही पद्धत मोडली. फ्रान्समध्ये, मेसोपोटेमियात घोडे मरू लागले, तेव्हा सवाराने दुसरा घोडा कुठून आणायचा? युद्धानंतर सिल्लादारी रद्द झाली आणि १९२१-२२च्या पुनर्रचनेत हिंदी घोडदळाच्या ३९ रेजिमेंटांच्या २१ झाल्या. डेक्कन हॉर्स नववी झाली, पूना हॉर्स सतरावी.

माझ्या मते रणगाड्याच्या इतिहासातला आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा सांधा हाच आहे. घोड्याचा शिलेदार असू शकतो. रणगाड्याचा शिलेदार असू शकत नाही. ते यंत्र कोणी घरून घेऊन येत नाही. त्याला कारखाना लागतो, तेल लागते, सुटे भाग लागतात, म्हणजे राज्य लागते. रणगाडा आला आणि प्रत्येक सवार कायमचा बारगीर झाला. म्हणून 'या यंत्रावर कोणी बसायचे' हा प्रश्न आता राज्य ठरवणार होते, आणि राज्य परक्याचे होते.

त्याने काय ठरवले, हे अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, दिसते. १९२०च्या दशकात रॉयल टँक कोअरचे भारतातले प्रशिक्षण केंद्र नगरला आले. उघडी माळराने, कोरडी हवा, जुनी छावणी आणि रेल्वे, हे सगळे तिथे होते. वायव्य सरहद्दीवर टोळ्यांविरुद्ध वापरण्यासाठी रोल्स-रॉइसच्या चिलखती गाड्या आणि पुढे हलके रणगाडे भारतात आणले गेले. पण त्यांत बसून लढणारी माणसे गोरी. १८५७नंतर मैदानी तोफखाना हिंदी शिपायांच्या हातून काढून घेतला होता आणि डोंगरी तोफा सोडल्या तर १९३५पर्यंत तो परत दिलेला नव्हता. तीच शंका आता चिलखताला लागू झाली. ज्या यंत्राने एका गावाचे बंड मोडता येते, ते त्या गावच्या पोराच्या हाती द्यायचे नाही.

युरोपात दुसऱ्या युद्धाचे ढग जमले तेव्हा हा हट्ट सोडावा लागला. १९३८मध्ये सिंध हॉर्स आणि तेरावी लान्सर्स या हिंदी रेजिमेंटांनी घोडे उतरवून चिलखती गाड्या घेतल्या. सिंध हॉर्सने घोडे सोडले त्याची आठवण म्हणून आजही १ मे हा आर्मर्ड कोअरचा दिवस पाळला जातो. पुढच्या चार-पाच वर्षांत बाकीचे घोडे गेले. मार्च १९४५मध्ये ब्रह्मदेशात मेइक्तिला घेताना डेक्कन हॉर्स शर्मन रणगाड्यांवर होती; हाय वूडनंतर अवघ्या एकोणतीस वर्षांनी. घोडे गेले, पण हुद्दे गेले नाहीत. भारतीय रणगाडा दलात आजही शिपायाला 'सवार' म्हणतात; त्याच्यावर दफेदार, त्याच्यावर रिसालदार.

नगरच्या बाबतीत एक योगायोग नोंदवण्यासारखा आहे. १९४२ ते १९४५ या काळात नगरच्या किल्ल्यात नेहरू, पटेल, आझाद कैदेत होते. त्याच गावाच्या छावणीत हिंदी जवान रणगाडा चालवायला शिकत होते. उद्याच्या राज्याचे दोन भाग, राजकारण आणि पोलाद, एकाच गावात एकमेकांना न भेटता तयार होत होते.

५. नळदुर्गचा पूल

मराठी मुलखात रणगाडे लढाईसाठी उतरले ते १३ सप्टेंबर १९४८ला. मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या हाताखालची पहिली चिलखती डिव्हिजन सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याने निघाली. पहिला अडथळा नळदुर्गचा: बोरी नदीवरचा पूल. काँब्रेच्या पुलाची गोष्ट माहीत असणाऱ्याला या पुलाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. तो पहिल्याच दिवशी ताब्यात आला आणि स्तंभ उमरग्याच्या दिशेने पुढे सरकला. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. मराठवाडा तो दिवस मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो.

दहा वर्षांपूर्वी ज्या यंत्रावर हिंदी माणसाला बसू दिले जात नव्हते, ते आता हिंदी सेनापतीच्या हुकमाने हिंदी माणसे चालवत होती. रझाकारांच्या जाचातून सुटलेल्या गावांनी त्या गाड्यांना आरत्या ओवाळल्या असतील तर नवल नाही. पण त्याच रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, सैन्य पुढे गेल्यानंतर, मुसलमान वस्त्यांवर सूड उगवला गेला. उस्मानाबाद, बीदर, गुलबर्गा, नांदेड हे जिल्हे त्यात सर्वांत जास्त होरपळले, असे पंडित सुंदरलाल समितीने सरकारला कळवले. तो अहवाल दीर्घकाळ दडून राहिला. रणगाडा रस्ता मोकळा करतो. त्या रस्त्याने मागून कोण येते हे त्याच्या हातात नसते. हा रणगाड्याचा नव्हे, राज्याचा हिशेब आहे, पण तो सोडून इतिहास पुरा होत नाही.

त्या वेळी हैदराबाद संस्थानच्या लष्करात एक तरुण पारशी अधिकारी होता. जन्म मुंबईचा, शिक्षण पुण्याचे. नाव अर्देशीर बुर्झोरजी तारापोर. विलीनीकरणानंतर तो पूना हॉर्समध्ये आला. सप्टेंबर १९६५मध्ये सियालकोट आघाडीवर त्याने आपली सेंच्युरियन रणगाड्यांची रेजिमेंट फिलोरा आणि चविंडाच्या लढाईत पुढे नेली. जखमी होऊनही मागे फिरला नाही. १६ सप्टेंबरला बुतूर-डोग्रांडीला मारला गेला. त्याला मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले.

त्याच महिन्यात खेमकरणजवळ असल उत्तर गावाला डेक्कन हॉर्स उभी होती. तिचा कमांडिंग ऑफिसर अलिबागचा: अरुणकुमार श्रीधर वैद्य. समोर पाकिस्तानची चिलखती डिव्हिजन, अमेरिकन पॅटन रणगाडे. भारताकडचे शर्मन त्यांच्यापुढे जुनाट. भारतीय सैन्याने नालाच्या आकाराची फळी धरली आणि कालवे फोडून शेतांत पाणी सोडले. उसाच्या रानात पॅटन रुतू लागले. भारतीय मोजणीनुसार ९७ रणगाडे तिथे नष्ट झाले किंवा सोडून दिले गेले. पाणी वाहण्याच्या बहाण्याने जन्मलेले यंत्र शेवटी पाण्यानेच अडवले. वैद्यांना महावीरचक्र मिळाले, १९७१ला ते दुसऱ्यांदा मिळाले, आणि १९८३ला ते लष्करप्रमुख झाले. दख्खनच्या नावाचे घोडदळ रणगाड्यावर बसले, आणि त्याचे नेतृत्व अष्टागरातल्या माणसाकडे आले, याला एकशे सत्तेचाळीस वर्षे लागली. पेशवाई गेल्यापासून मोजली तर.

१६ डिसेंबर १९७१ला बसंतरच्या लढाईत पूना हॉर्सचा सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल मारला गेला. जन्म पुण्याचा, वय एकवीस. युद्ध सुरू झाले तेव्हा तो नगरलाच प्रशिक्षणात होता. तिथून त्याला आघाडीवर बोलावून घेतले. तारापोरांनंतर त्याच रेजिमेंटला मिळालेले हे दुसरे परमवीरचक्र.

६. माळरानाचे मोल

नगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये, १९९४ साली ते सुरू झाले, रोल्स-रॉइसची चिलखती गाडी आहे, माटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल आहेत, शर्मन आणि सेंच्युरियन आहेत, युद्धात हाती लागलेले पॅटन आहेत. मी ते यंत्राच्या नजरेने पाहिले: पट्ट्यांची कडी, चाकांची ठेवण, जोडांवरचे रिबेट आणि नंतरच्या गाड्यांवरचे वेल्डिंग. शाळेची मुले वर चढून फोटो काढतात. ते व्हावेच.

पण रणगाड्याला संग्रहालयापेक्षा कितीतरी मोठी जागा लागते. नगरजवळ खारे कर्जुने गावाच्या नावाने ओळखला जाणारा के. के. रेंज हा सरावाचा विस्तीर्ण माळ आहे. नगर, पारनेर आणि राहुरी तालुक्यांतल्या गावांनी त्यासाठी जमिनी दिल्या आणि विस्ताराच्या टांगत्या तलवारीखाली अनेक गावे अजून दिवस काढत आहेत. विहीर खणावी की नाही, फळबाग लावावी की नाही, घरावर माडी चढवावी की नाही, हे प्रश्न तिथे एका अधिसूचनेपाशी अडतात. सरावानंतर माळावर पडलेले धातू भंगारासाठी गोळा करताना माणसे दगावल्याच्या बातम्याही तिकडून अधूनमधून येतात. मानखुर्दला मंडाळ्याच्या भंगार बाजाराशेजारी राहणाऱ्याला लोखंडाच्या किलोमागे माणूस कशाची जोखीम घेतो, हे समजावून सांगावे लागत नाही.

देशाला रणगाडे लागतात, रणगाड्यांना सराव लागतो आणि सरावाला जमीन लागते, याबद्दल वाद नाही. माझा मुद्दा हिशेबाचा आहे. शिलेदारीच्या काळात युद्धाचे मोल सवाराच्या अंगावर पडे आणि ते सर्वांना दिसे: मेलेला घोडा, बुडालेले घर. रणगाड्याच्या काळात ते मोल राज्याच्या तिजोरीतून जाते आणि म्हणून कोणाचेच नसल्यासारखे भासते. प्रत्यक्षात ते कुठेतरी एखाद्याच्या सातबाऱ्यावर उतरलेले असते. आपण बसंतरची आणि असल उत्तरची गोष्ट सांगतो, ती सांगायलाच हवी. पण खारे कर्जुन्याच्या माळाची गोष्टही त्याच इतिहासातली आहे. तो माळ देणारा माणूस कोणत्याही यादीत सवार नाही, दफेदार नाही. जुन्या भाषेत बोलायचे तर तो या गाड्याचा खरा शिलेदार आहे. घोड्याऐवजी त्याने रान आणले, एवढाच फरक.